एमपीथ्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या गाडीत पेनड्राइव्ह वाजेनासा झाला, कुणाला जुन्या कॅसेटी 'कॉम्प्युटरवर टाकून' हव्या असल्या, की नातेवाइकांत फोन मला येतो. तीच ती उत्तरं तोंडपाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. 'किती केबीपीएस ठेवू?' एवढंच ज्यांना हवंय त्यांनी थेट त्या प्रश्नावर जावं.

एमपीथ्री म्हणजे नेमकं काय?

आवाज कमी जागेत साठवण्याची एक पद्धत. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, प्रत्येक माप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. तेच मिनिट १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १,२८,००० बिटांच्या) एमपीथ्रीत एका एमबीच्याही आत बसतं. म्हणजे अकरा भागांतले दहा गेले, आणि तरी गाणं गाण्यासारखंच वाजतं.

हा फरक किती मोठा होता ते आज कळायचं नाही. टेलिफोनच्या तारेवरचा ५६ केबीपीएसचा मोडेम अगदी पूर्ण वेगाने चालला (तो कधीच चालायचा नाही), तरी चार मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जात उतरवायला एक तास चाळीस मिनिटं लागली असती. एमपीथ्रीला नऊ मिनिटं.

म्हणजे झिप फाईलसारखंच झालं की!

नाही, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. झिप म्हणजे गहू पोत्यात दाबून भरणं: पोतं सोडलं की दाणा न् दाणा परत मिळतो. एमपीथ्री म्हणजे गहू दळून आणणं. पिठाची पोळी उत्तम होते, पण पिठापासून गहू मिळत नाहीत. एमपीथ्रीची परत वेव्ह, म्हणजे न दाबलेली, फाईल केली तर फाईल फुगते, गेलेला आवाज येत नाही.

'ऐकू न येणारा आवाज काढून टाकतात' म्हणे. ऐकूच येत नाही तर तो तिथे होता कशाला?

हवेत असतो, कानातही जातो, पण आपल्याला जाणवत नाही. ढोल-ताशा पथक दारावरून जाताना शेजारी बसलेल्या माणसाचे ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. त्याने बोलणं थांबवलेलं नसतं. मोठ्या आवाजाने लहान आवाज झाकलेला असतो. हे झाकणं सगळीकडे सारखं नसतं. एखादा मोठा सूर त्याच्या आसपासच्या सुरांना जास्त झाकतो, आणि खालच्या पट्टीपेक्षा वरच्या पट्टीकडे त्याची सावली लांब पडते. काळातही ती पडते: मोठा आघात झाल्यावर शंभर-दोनशे मिलिसेकंद बारीक आवाजांची नोंद कान नीट घेत नाही. गंमत म्हणजे आघाताच्या किंचित आधीचेही काही मिलिसेकंद झाकले जातात.

आता 'काढून टाकतात' हे अर्धंच खरं आहे. एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, ज्याला एन्कोडर म्हणतात, तो आवाजाचे छोटे तुकडे करतो. एका तुकड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, १,१५२ मापं. सीडीच्या हिशेबाने साधारण २६ मिलिसेकंद. फ्रेमच्या प्रत्येक अर्ध्या भागातला आवाज तो आधी ३२ आणि मग एकूण ५७६ बारीक पट्ट्यांत विभागतो आणि बघतो की कान कुठे तीक्ष्ण आहे आणि कुठे झाकलेला. जिथे तीक्ष्ण, तिथे सोनाराच्या काट्याने मोजतो. जिथे झाकलेला, तिथे भाजीवाल्याच्या तराजूने. ढोबळ मोजल्यामुळे जी चूक राहते तिची खरखर होते, पण ती खरखर मोठ्या आवाजाच्या सावलीत लपेल अशी बेतलेली असते. काही पट्ट्या शून्यच होतात, त्या खऱ्या अर्थाने टाकलेल्या. शेवटी उरलेले आकडे हफमन पद्धतीने बांधले जातात: वारंवार येणाऱ्या आकड्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. ही शेवटची पायरी मात्र अगदी झिपसारखी, तिथे काही हरवत नाही.

एमपीथ्री म्हणजे एमपेग-३ ना? आणि एमपी४ त्याच्या पुढचं?

दोन्ही नाही. पूर्ण नाव 'एमपेग-१ ऑडिओ लेयर ३'. एमपेग हा चलच्चित्रांची मानकं ठरवणारा तज्ज्ञांचा गट. त्यांच्या पहिल्या मानकात आवाजासाठी तीन थर होते, त्यातला तिसरा सर्वांत किचकट आणि कमी जागेत सर्वांत चांगला. ते मानक १९९२ मध्ये ठरलं, १९९३ मध्ये छापून आलं. एमपी४ हा नुसता डबा आहे; त्यात चित्र, आवाज, उपशीर्षकं काहीही भरता येतं. बाजारात 'एमपी४ प्लेअर' नावाने स्वस्त यंत्रं आली आणि लोकांनी चार हे तीनच्या पुढचं असं धरून चालायला सुरुवात केली. दुकानदारांनीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

हे शोधलं कुणी?

एकट्याने कुणीच नाही, पण मोठा वाटा जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक डीटर झाइट्सर यांच्या डोक्यात होतं की टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवता यायला हवं. पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ते अशक्य ठरवलं. झाइट्सर यांचा विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग याने हे खरंच अशक्य आहे का, याच्यावर काम सुरू केलं. त्याचा प्रबंध १९८९ चा. पुढे फ्राउनहोफर ही जर्मन संशोधन संस्था आणि इतर प्रयोगशाळांनी मिळून ते पूर्णत्वाला नेलं.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. सुझान व्हेगा या अमेरिकी गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यावर गायलेलं आहे. ब्रांडेनबुर्गने ते आपल्या पद्धतीतून काढलं, तर बाकी संगीतावर छान चालणाऱ्या त्या पद्धतीने या आवाजाची पार वाट लावली. मग तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकत पद्धत सुधारली गेली. वरच्या उत्तराशी ताडून बघा: मागे ढोल नाही, पेटी नाही, खरखर लपवायला सावलीच नाही. जात्यावरची ओवी रेकॉर्ड करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

फाईलच्या नावाला लागणारं एमपीथ्री हे शेपूट फ्राउनहोफरमध्ये १४ जुलै १९९५ ला ठरलं. १९९७ ला कॉम्प्युटरवर गाणी वाजवणारा विनॅम्प हा प्रोग्रॅम आला, १९९९ ला गाणी एकमेकांना वाटणारं नॅप्स्टर, २००१ ला आयपॉड. पुढचं आपल्या सगळ्यांसमोर घडलं. आपल्याकडे एसटी स्टँडबाहेर 'एका सीडीत १५० गाणी' विकली जायची. ७०० एमबीच्या सीडीत १२८ केबीपीएसची बारा तासांवर गाणी बसतात, त्यामुळे तो आकडा खोटा नव्हता. नंतर मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं.

किती केबीपीएस ठेवू?

केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती हजार बिट खर्चायचे. या प्रकारात ३२ पासून ३२० पर्यंत ठरलेल्या पायऱ्या आहेत.

भाषण, प्रवचन, मुलाखत असेल तर ६४, तेही मोनो, म्हणजे डावा-उजवा मिळून एकच मार्ग. तासाला २९ एमबीच्या आत काम होतं. संगीताला १९२ च्या खाली जाऊ नका. २५६ किंवा ३२० ठेवलंत तर काही बिघडत नाही, जागा जास्त लागते इतकंच. १९२ च्या वर चांगल्या एन्कोडरने केलेली फाईल आणि मूळ सीडी यांतला फरक डोळे झाकून बहुतेकांना सांगता येत नाही, 'मला कळतो' म्हणणाऱ्यांनाही. खात्री करायची असेल तर फूबार२००० या प्रोग्रॅममध्ये एबीएक्स नावाची चाचणी जोडता येते: कुठली फाईल वाजतेय हे न दाखवता ती तुम्हाला ओळखायला लावते. मी १२८ ओळखतो, १९२ ला चाचपडतो, २५६ ला सरळ नापास.

सीबीआर आणि व्हीबीआर यांतलं काय निवडू?

सीबीआरमध्ये प्रत्येक सेकंदाला सारखाच खर्च. व्हीबीआरमध्ये गरजेप्रमाणे: तानपुरा एकटा वाजतोय तिथे कमी, द्रुत लयीत तबला आणि गळा भिडलेत तिथे जास्त. त्याच जागेत व्हीबीआर सरस. लेम नावाच्या मोफत एन्कोडरमध्ये 'व्ही२' निवडलं की सरासरी १९० च्या आसपास बसते, 'व्ही०' ला २४५ च्या आसपास. मी व्ही२ वापरतो आणि विसरून जातो.

चार मिनिटांचं गाणं प्लेअर अकरा मिनिटांचं दाखवतोय. फाईल बिघडली का?

नाही. ती व्हीबीआर आहे आणि तिच्या सुरुवातीला एकूण लांबीची नोंद नाही. प्लेअरने पहिल्या फ्रेमचा दर पाहिला, फाईलच्या आकाराला त्याने भागलं आणि अकरा मिनिटं ठोकून दिली. ही नोंद नव्याने लिहून देणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. आवाजाला धक्का लागत नाही.

टाळ आणि झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या का येतात?

कारण भजन हे कमी केबीपीएसच्या एमपीथ्रीचं सर्वांत अवघड गिऱ्हाईक. टाळांच्या नादात वरच्या पट्टीतले असंख्य सूर एकाच वेळी लांबत राहतात. त्यांना बिट भरपूर लागतात. १२८ ला बरेच एन्कोडर १६,००० हर्ट्झच्या वरचं सगळं आधीच कापतात. त्याहून खाली गेलात तर पट्ट्या फ्रेमगणिक चालू-बंद होतात आणि तो चुळबुळणारा, ओला आवाज येतो.

तबल्याची तऱ्हा वेगळी. ढोबळ मोजण्याची खरखर त्या तुकड्यात सगळीकडे सारखी पसरते. शांततेत एकदम 'ना' वाजला, तर खरखर थापेच्या आधीपासूनच सुरू होते. आवाजाच्या आधी त्याची चाहूल लागते. काही मिलिसेकंदांपुरती ती झाकली जाते हे वर आलंच, पण पुरती नाही. आघात दिसला की एन्कोडर त्या ठिकाणी आखूड तुकडे करतो, तरी कमी केबीपीएसला थापेची धार बोथट होतेच. स्पॅनिश कॅस्टनेट्स हे याचं नेहमीचं परीक्षेचं वाद्य. आपल्याला तबला, घुंगरू आणि लेझीम आहेत.

१२८ ची फाईल ३२० करून घेतली, आता आवाज सुधारेल ना?

पातळ आमटी मोठ्या पातेल्यात ओतली. उलट थोडी बिघडलीच, कारण प्रत्येक वेळी एन्कोडर नव्याने ढोबळ मोजतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. व्हिडिओच्या संकेतस्थळांवरून '३२० केबीपीएसमध्ये उतरवून देतो' म्हणणाऱ्यांचंही हेच: मुळात तिथला आवाजच दुसऱ्या प्रकारात दाबलेला असतो, त्यावर हे आणखी एकदा दाबून मोठा आकडा चिकटवतात.

आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी आहेत. एमपीथ्री करून ठेवू का?

ऐकायला करा, जपायला नाही. हे मी ठेच खाऊन शिकलो. आमच्या घरी आजोबांच्या भजनी मंडळाच्या चार कॅसेटी होत्या. एका सुट्टीत बसून त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, तेव्हा हार्ड डिस्क लहान, म्हणून ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री केल्या आणि मोठ्या फाईली पुसून टाकल्या. दोन पावसाळ्यांनंतर कॅसेटींना बुरशी लागली. आज माझ्याकडे आजोबांचा आवाज ओळखू येतो, शब्द कळतात, पण टाळ आहेत की पत्र्यावर पाऊस, ते सांगता येत नाही. कुठलंही यंत्र आता ते परत आणून देणार नाही.

तेव्हा बियाण्याचे गहू दळायचे नाहीत. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून (लाइन-आउट असेल तर तिथून) वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला द्या, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये वेव्ह म्हणून रेकॉर्ड करा. सीडीच्या दर्जाने तासाला साधारण ६३५ एमबी होतात. मग ती फाईल फ्लॅक प्रकारात बदला. फ्लॅक झिपच्या जातीची: जागा बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येते आणि दाणा न् दाणा परत मिळतो. ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मामा-मावशांना पाठवायला, गाडीत वाजवायला त्या फ्लॅकवरून हव्या तेवढ्या एमपीथ्री काढा. खरखर काढणं, आवाज वाढवणं, हे सगळं फ्लॅकच्या प्रतीवर करा, एमपीथ्रीवर नको.

आणि कॅसेट चालवण्याआधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत चिकटलेली असते.

एमपीथ्रीतला नको तेवढा भाग कापला तर दर्जा जातो का?

कशाने कापता त्यावर. ऑडॅसिटीसारखा प्रोग्रॅम फाईल उघडून परत एन्कोड करतो, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. एमपीथ्रीडायरेक्टकट फ्रेमच्या सांध्यावर कापतो, बाकीच्याला हात लावत नाही. आवाज लहान-मोठा करायचा तरी तसंच: एमपीथ्रीगेन प्रत्येक फ्रेममधला एक आकडा बदलतो, दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी, आणि ते उलटंही फिरवता येतं.

गाण्यांची मराठी नावं गाडीत प्रश्नचिन्हं किंवा चौकोन का दिसतात?

नाव, गायक, वर्ष ही माहिती फाईलमध्ये आयडी३ नावाच्या चिठ्ठीत असते. तिचा १९९६ चा पहिला नमुना फाईलच्या शेवटी १२८ बाइटांचा. त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट. इंग्रजीत ती ३० अक्षरं झाली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-पायमोडासकट, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट खातं. 'महाराष्ट्र' हा शब्द मोजून बघा: दहा चिन्हं, ३० बाइट, खेळ खलास. शिवाय त्या नमुन्यात देवनागरी कशी लिहायची याची सोयच नव्हती.

१९९८ पासूनची दुसरी चिठ्ठी फाईलच्या सुरुवातीला असते, तिला लांबीची अडचण नाही आणि युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची सामाईक अक्षरयादी, चालतं. एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅममध्ये २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडून नावं लिहिलीत तर बहुतेक ठिकाणी दिसतात. तरीही चौकोनच आले तर गाडीच्या यंत्रात देवनागरीचा फाँटच नाही. तिथे इंग्रजी लिपीत मराठी नावं लिहिणं आलं. मी दोन पेनड्राइव्ह वेगळे ठेवतो.

पेनड्राइव्हवर गाणी आहेत पण गाडी ओळखत नाही.

पेनड्राइव्हवर फाईली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात; दहांतल्या आठ वेळा तो एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये असतो. फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून. क्रम उलटसुलट वाजत असेल तर स्वस्त यंत्रं नावाप्रमाणे नाही, फाईल ज्या क्रमाने टाकल्या त्या क्रमाने वाजवतात, हे कारण. पुसून हव्या त्या क्रमाने परत टाका.

सलग मैफलीचे तुकडे केले, तर मध्ये बारीक खंड का पडतो?

फाईल पूर्ण फ्रेममध्येच संपावी लागते, म्हणून शेवटी थोडी शांतता भरली जाते; सुरुवातीला एन्कोडरची स्वतःची उशीर करण्याची सवय. लेम या दोन्हीची नोंद फाईलमध्ये ठेवतो आणि चांगला प्लेअर ती वाचून शांतता गाळतो. जुना प्लेअर गाळत नाही. विलंबित ख्यालाचे तुकडे करूच नयेत, हा माझा उपाय.

एमपीथ्रीतून व्हायरस येतो का?

खऱ्या एमपीथ्रीतून येण्याची शक्यता फार कमी. पण विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे 'गाणं डॉट एमपीथ्री डॉट ईएक्सई' ही फाईल तुम्हाला नुसती गाणं दिसते. ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम. तो गाणं म्हणणार नाही.

एएसी, ओपस हे आवाज दाबायचे नवे प्रकार सरस आहेत म्हणतात. मग एमपीथ्री मेलं का?

सरस आहेत, यात वाद नाही. एएसी १९९७ चं, ओपस २०१२ चं. कमी केबीपीएसला दोघंही एमपीथ्रीच्या पुढे. व्हॉट्सॲपवर तुम्ही बोलून पाठवता ते ओपसच असतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये एमपीथ्रीचा परवाना देण्याची योजना बंद झाली आणि जगभर 'एमपीथ्रीचा अंत' अशा बातम्या आल्या. झालं होतं उलट: पेटंटांची मुदत संपली, त्यामुळे कुणालाही पैसे न देता ते वापरता येऊ लागलं. आज देवघरातल्या मंत्रपेटीपासून ट्रॅक्टरवरच्या स्टिरिओपर्यंत कशातही एमपीथ्री वाजतं, आणि ओपस दिलं की त्यातली निम्मी यंत्रं गप्प बसतात. कुठे वाजणार हे माहीत नसेल तर एमपीथ्रीच पाठवा.

वीस वर्षांपूर्वीच्या १२८ च्या फाईली सीडींवर आहेत. त्यांचं काय करू?

बदलू नका, दुसऱ्या प्रकारात नेऊ नका, जशा आहेत तशा हार्ड डिस्कवर उतरवा. घरी लिहिलेल्या सीडींचा रंगीत थर काळाने विटतो, आणि काही सीडी ड्राइव्हमध्ये घातल्यावर नुसत्या घरघरतात. फाईल अर्धीमुर्धीच उतरली तरी फेकू नका: प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला ओळखीची खूण असते, त्यामुळे प्लेअर खराब भाग ओलांडून पुढची खूण शोधतो आणि तिथून गाणं उचलतो. एक ड्राइव्ह वाचत नसेल तर दुसऱ्यात घालून बघा. माझ्या तीन सीडी शेजाऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरने वाचल्या.